देवळासमोरचं घर

चुन्याचा ओला वास आला की वैनगंगेकाठचं ते गाव आठवतं. गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी गावात येणार होतं आणि तिथलं जुनं दगडी देऊळ उकलून नव्या गावठाणात पुन्हा उभारायचं काम माझ्याकडे होतं. उन्हाळा होता. लोकांनी कौलं, दारं काढून नेल्यामुळे घरं उघडी पडली होती. पुन्हा त्याच क्रमाने रचता यावेत म्हणून मी देवळाच्या दगडांवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकत होते आणि समोरच्या घरातला कोष्टी आपला माग सोडवून बैलगाडीत भरत होता. काम थांबवून तो म्हणाला, “मॅडम, माह्या घराले काहून नाही टाकत नंबर?” मी म्हणाले, “दादा, भिंती मातीच्या आहेत. हलवल्या की ढासळतील.” तो बराच वेळ भिंतीवर हात ठेवून उभा राहिला. पुढे नव्या गावठाणात देऊळ जसंच्या तसं उभं राहिलं. पूजेला तोही आला, पायरीवर बसला आणि समोरच्या मोकळ्या मुरमाकडे पाहत म्हणाला, “इथं बसलो का माहं दार दिसे, मॅडम.” आता मी त्या देवळाचे फोटो विद्यार्थ्यांना दाखवते. ते कामाचं कौतुक करतात, आणि मी घाईने पुढचा फोटो लावते.