नानांनी वाढवलेला वेग

नाना उभ्या आयुष्यात कधी घाईनं चालले नाहीत. सायकलवाले त्यांच्या स्कूटरला मागे टाकायचे आणि वर चौकशी करायचे, "नाना, पेट्रोल संपलं काय?" नाना हसून म्हणायचे, "दमानं जातोय. पोचणार तिथेच." असा माणूस निवृत्तीनंतर संगणकाचा वेग वाढवायच्या नादाला लागला आणि शेजारी म्हणून त्या नादाची झळ मला सगळ्यात जास्त लागली.

नादाला कारण होतं. ओळखीपाळखीतली लग्नं नाना हौसेनं कॅमेऱ्यात टिपायचे आणि घरच्या संगणकावर त्यांची फिल्म करून फुकट द्यायचे. पलीकडच्या घरातला सलीम जहाजावर नोकरीला. त्याच्या मुलीचा निकाह पूर्णगडला झाला, तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नाही. नानांनी शब्द दिला, "तुझं जहाज बंदराला लागेल त्या दिवशी लेकीचं लग्न तुझ्या फोनवर असेल." जहाज थांबणार एकच दिवस. पुन्हा समुद्रात गेलं की बरेच आठवडे नेट नाही. आणि नानांच्या म्हाताऱ्या संगणकाला एक फिल्म तयार करायला अख्खा दिवस लागायचा. मध्ये वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा.

"नवा घ्या की," मी म्हटलं.

"हा चालतोय ना? फक्त जरा हाकायला हवा." ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे मशीनला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, हा शब्द त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकला होता.

मग त्यांची साधना सुरू झाली. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून सेटिंगच्या पडद्यात शिरायचं, प्रोसेसरचा वेग एकच पायरी वाढवायचा, बाहेर येऊन त्याला भरपूर काम द्यायचं आणि तापमान बघत बसायचं. दुसरी पायरी दुसऱ्या दिवशी. "दोन-तीन एकदम चढवू या," मी म्हणायचो. नाना माळ्यावरच्या आंब्यांच्या अढीकडे बोट दाखवायचे. "रोज उचकून लवकर पिकतो काय? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे बिघडलं तर कशानं ते कळतं." व्होल्टेजला मात्र हात लावू देत नसत. "वीजवाले वरखाली करतायत तेवढं पुरे!" मधूनच संगणकाच्या पेटीशी नाक नेऊन हुंगायचे. आंबा दाबून बघत नाहीत, वास घेतात, यालाही तेच, असं त्यांचं शास्त्र होतं.

मेमरीच्या पट्ट्या दोन होत्या. नवी पळायला तयार, जुनी लगेच मान टाकायची. "जो हळू, त्याच्या चालीनं दोघांनी चालायचं," नाना म्हणाले.

स्वयंपाकघरातून नानींचा आवाज आला, "म्हणूनच मी अजून इथवरच पोचल्ये."

नानींना कुठलीही वस्तू उघडी बघवत नसे. टीव्ही, मिक्सर, रेडिओ, सगळे क्रोशाच्या झग्यांत. नानांनी मात्र संगणकाच्या पेटीची एक बाजू काढून तिच्यासमोर टेबलफॅन लावला होता. येणारे-जाणारे काय म्हणतील, ही नानींची रोजची काळजी.

जहाज बंदराला लागलं त्या सकाळी सलीमची बायको फातिमाभाभी लेकीला घेऊन आली. नानांची दमानं चाललेली कापजोड आदल्या रात्री कुठे संपली होती; आता त्यांनी फिल्म तयार करायला लावली. मशीन झकास पळत होतं. अर्ध्यावर पडदा निळा झाला आणि सगळं बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा निळा. "नाना, दुपारीच जहाज सुटतंय म्हणालेत," भाभी हळूच म्हणाली. माझा जीव टांगणीला लागला. नानांनी शांतपणे मेमरी एक पायरी खाली आणली. निळा. प्रोसेसर एक पायरी खाली. तरी निळा.

"नाना, अहो सगळंच एकदम खाली आणा!" मी ओरडलो.

"दमानं घे रे. आज वेगळं काय झालंय ते आधी बघू." त्यांनी पेटीशी नाक नेलं आणि कपाळाला आठी घातली. "डांबरगोळीचा वास कसा येतोय?"

पाहुणे येणार म्हणून नानींनी पेटी बंद करून तिला ट्रंकेतला ठेवणीतला झगा चढवला होता, बटणापुरतं भोक ठेवून! टेबलफॅन पाहुण्यांकडे वळवला होता. आम्ही दोघं सकाळपासून त्या झग्याकडे बघत होतो. पण त्या घरात झाकलेली वस्तू कुणाच्या डोळ्यांवर येत नसे.

"माणसं घामाघूम बसलेली नि मी यंत्राला वारा घालू?" नानी फणकारल्या. शेवटी भाभीनंच उठून पंखा फिरवला. "नानी, आमाला नको वारा. त्याला द्या."

नानांनी झगा उतरवून पेटी उघडली, मशीन थंड झालं, फिल्म पुरी झाली आणि रवाना झाली. नाना जाऊन आता दोन पावसाळे झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला अजून जमत नाही. चिडलो की सगळंच एकदम बदलून मोकळा होतो. पण त्या दुपारी सलीमचा फोन आला, तो मात्र शब्दन् शब्द आठवतो.

नानांनी फोन स्पीकरवर लावला. सलीम म्हणाला, "नाना, सगळं बगितलं. छान झालंय. फक्त पोर गाडीत बसून जाते ना, ते फार लवकर सरतंय. तेवढं जरा हळू करून द्याल काय?"

भाभी पदरात तोंड लपवून रडू लागली. नानांनी माऊस हातात घेतला.

"देतो," ते म्हणाले. "तुला हवं तेवढं हळू करून देतो."