कुणाच्यातली गं तू?

अन्याय झाला माझ्यावर आणि माझ्या वडिलांवर. तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, एका बुधवारी, दिवस मावळायच्या सुमाराला, कोल्हापुरात स्टँडजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर. शिवी नाही, मारहाण नाही, वाकडी नजरसुद्धा नाही. मला चहा पाजून हा अन्याय झाला. म्हणून तर कुणालाही सांगितलं की समोरचा विचारतो, "मग त्यात वाईट काय झालं?" काय झालं ते सांगते.

माझा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झाला होता. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यानं गुरुवारी सकाळी नऊला मुलाखतीला बोलावलं होतं. काम रक्त तपासायचं, पगार बेताचा, पण राहायची सोय तिथंच. आमचं गाव गडहिंग्लजच्याही पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. पहिली गाडी धरली तरी कोल्हापूर यायला दहा वाजून जातात. म्हणजे आदल्या दिवशी जाऊन राहणं आलं. आई घाबरली. वडील म्हणाले, "जाऊ दे तिला." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भावकीला न विचारता काहीतरी ठरवलं होतं. तिठ्यावर मला सोडायला आले तेव्हा एकच बजावलं, "लॉजवर रहा. पावण्यांकडं जाऊ नको. एका घरी गेलीस की चार घरची बोलणार, आणि मग मलाबी न्हाय म्हणायला लागंल."

एसटीत शेजारी एक मावशी बसल्या. मांडीवर मेथीची पिशवी.

"येकलीच?"

"हो."

"संगट कोण न्हाय?"

"नाही."

"मग तिकडं उतरून घ्यायला येणार असतील की कोणतरी."

"नाही मावशी, कुणी नाही."

त्यांनी पिशवी पायाशी ठेवली आणि माझ्याकडं पूर्ण वळल्या. "कुणाच्यातली गं तू?"

हा प्रश्न आमच्याकडं रामराम घातल्यासारखा विचारतात. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, आजोळ सांगायचं, की कुठंतरी पावणं निघतंच. मोठ्या बाईला खोटं सांगायचं मला शिकवलेलं नव्हतं. निपाणी येईस्तोवर मी त्यांच्या जावेच्या माहेरच्यातली कुणीतरी झाले होते. "बघ, आपलीच निघालीस की! मी उगंच काळजी करत बसलो," म्हणत त्यांनी मूठभर शेंगा दिल्या. मी खाल्ल्या.

कागलच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता तुंबला. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि तेव्हा लक्षात आलं की पुढच्या सीटवरचा माणूस मान वळवून माझ्याकडंच बघतोय. मागचे दोघं कान देऊन होते. मी कुठली, कुणाची, कशाला निघालेय हे आता अख्ख्या गाडीला ठाऊक होतं. मला त्यांच्यातल्या एकाचंही काही ठाऊक नव्हतं.

पहिल्या लॉजवर विचारलं, "फॅमिली कुठाय?" दुसऱ्यावर सांगितलं, "एकट्या लेडीजला देत न्हाय. पोलिसांचा नियम हाय." मी म्हणाले, "दाखवा नियम." त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

तिसऱ्या लॉजचा मॅनेजर वडिलांच्या वयाचा होता. गंध लावलेला, आवाज मऊ. "बस की पोरी. दमलीस. चहा घे." त्यानं माझं आधार कार्ड घेतलं, किल्ली काढून काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर तळहात ठेवला.

"गाव तर लांबचं. कोल्हापुरात कोण हाय तुझं?"

"कुणी नाही."

"असं कसं? कोल्हापुरात प्रत्येकाचं कोणतरी असतंयच की." हसला. "कुणाच्यातली तू?"

एसटीतली गोष्ट ताजी होती. मी म्हणाले, "कार्डावर आहे तेवढंच." तो आणखी हसला. कार्ड आणि किल्ली दोन्ही घेऊन आतल्या खोलीत गेला. दार अर्धं उघडं होतं. "व्हय... व्हय, त्याच गावची... न्हाय ओ, येकलीच हाय... तेच म्हणतो मी."

बाहेर आला तो दुसरा चहा सांगूनच. "रूम झाडून घ्यायला लावलीय."

"काका, किल्ली द्या. मी झाडते."

"देतो की. रूम काय पळून चाललीय व्हय?"

"मग कार्ड तरी द्या."

"असू दे माझ्याकडं. एंट्री करायची हाय."

एंट्रीचं रजिस्टर मिटलेलं होतं. बाहेर दिवे लागले. त्या चहावर साय धरली तरी मी कपाला हात लावला नाही. किल्ली येणार नाही हे मला कळलं होतं. कोण येणार हे तेवढं कळत नव्हतं.

आले ते वडिलांचे चुलतभाऊ. गडमुडशिंगीला राहतात, लग्नाकार्यात दोन-तीनदा पाहिलेले. हातात हेल्मेट, अंगाला उन्हाचा आणि दुधाचा वास. मॅनेजर खुर्चीतून उठला.

"या पावणं. कार्डावरचं गाव-आडनाव वाचलं आन् तुमचीच आठवण झाली. तुमचं माणूस सांभाळून ठेवलंय बघा."

आणि माझं कार्ड त्यानं त्यांच्या हातात दिलं. मी मधे उभी होते. माझं कार्ड माझ्यासमोरून त्यांच्या खिशात गेलं.

"बाळ, आपलं घर असताना लॉजमधी? लोक शेण घालतील की तोंडात." काकांनी तिथंच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर.

वडील म्हणाले, "मीच सांगितलंतं तिला ऱ्हायला—"

"तू सांगितलंस? डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? उद्या हिचं लगीन कोण जमवायचं? तू येकटा?"

मॅनेजर ऐकत होता. दारात उभी असलेली दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. मग वडिलांचा आवाज आला, अगदी खाली गेलेला: "काका म्हणत्यात तसं कर."

गडमुडशिंगीला मला ताटात भाकरी, भाजी, वर तूप वाढलं. झोपायला नवीन चादर दिली. सकाळी सातला मी तयार. काका म्हणाले, "मी सोडतो की गाडीवरनं. डेअरीत दूध घालून आलोच." गेले. परत आले नाहीत. फोन उचलेनात.

दार सताड उघडं होतं. मी पिशवी उचलली तशी काकी उंबऱ्यात आल्या. मला अडवलं नाही, हात लावला नाही. हळूच म्हणाल्या, "ते आल्याबिगर जाऊ नको बाई. तू जाशील निघून. मी हितंच ऱ्हातो."

मी पिशवी खाली ठेवली. पोहे गार झाले, ऊन ओसरीवर आलं, मग काका आले. "गाडी पंक्चर झाल्ती," म्हणाले आणि माझ्याकडं न बघता हातपाय धुवायला गेले. मी दवाखान्यात फोन केला. तिकडची बाई घाईत होती. "ते झालं की मॅडम. दुसरी घेतली."

दुपारी काकांनी मला एसटीत बसवलं, कार्ड कंडक्टरसमोर परत केलं आणि त्याला सांगितलं, "आमची पोरगी हाय. गडहिंग्लजच्या अलीकडं कुठं उतरू देऊ नका."

"निवांत ऱ्हावा पावणं," कंडक्टर म्हणाला.

घरी वडील अंगणात बसले होते. मुलाखतीचं त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून हा माणूस म्हैस घ्यायची तरी गडमुडशिंगीला फोन करतो. पुढच्या वर्षी मी कोल्हापूरला आले ती भांडून आले, त्यांच्या होकाराशिवाय. जो होकार तिठ्यावर मिळाला होता तो परत कधीच मिळाला नाही. नोकरी दुसरी मिळाली. तसा होकार दुसरा कुठून आणू?

आता मी आणि इथं एकट्या राहून नोकरी करणाऱ्या आमच्या गटातल्या मुली लॉजवर पत्रकं घेऊन जातो. "नियम दाखवा" म्हणतो. आजवर एकानंही दाखवलेला नाही. सगळे एकच सांगतात, "ताई, आम्ही काळजीपोटी करतो." मावशीला काळजी होती, मॅनेजरला होती, काकांना होती. इतक्या काळजीत मला फक्त रात्रीपुरती एक खोली हवी होती, तीच कुणाकडं निघाली नाही. आणि हे ज्या गावात होतं, ते गाव पाहुणचाराच्या गप्पा मारताना थकत नाही!

तेव्हा मी विनंती करत नाही, मागते आहे. लॉज तुमचं असेल तर कार्ड बघा, नोंद करा, किल्ली तिच्या हातात द्या आणि तिचं कार्ड तिलाच परत द्या. एसटीत शेजारी एकटी मुलगी बसली तर शेंगा द्या, तिचा बाप शोधू नका. आणि ती तुमच्याच भावकीतली निघाली, कुणी तुम्हाला फोन करून सांगितलं, तर म्हणा, "माहीत हाय. ऱ्हाऊ दे तिला," आणि ठेवा. हेल्मेट घेऊन निघू नका. तिच्या बापाला फोन लावू नका.