मादीची संकष्टी

उड्या मारणारे कोळी मी डब्यांत पाळतो. जाळं न विणता झडप घालून शिकार करणारे हे नखाएवढे किडे. जोडी जमवायची तर आधी मादीला पोटभर खाऊ घालावं लागतं, नाहीतर ती नवऱ्यालाच खाते.

त्या दिवशी मी आमच्या दिवेआगरच्या वाडीत, वाळत घातलेल्या सुपारीवर सापडलेला एकुलता एक नर तिच्या डब्यात सोडला. तो पुढचे पाय उंचावून, सत्काराला उत्तर देणाऱ्या पुढाऱ्यासारखा डोलू लागला. मादी मात्र दबा धरून बसली, उडीच्या पवित्र्यात.

"सकाळी हिला माश्या घातल्यास ना?" मी बायकोला विचारलं.

"अहो, आज संकष्टी. आज माझ्या हातून जीव जायला नको."

"अगं, म्हणजे ती उपाशी आहे!"

"मीही आहे."

नर आणखी पुढे सरकला. मध्ये कागद घालावा तर मादी दचकून उडीच मारेल, म्हणून माझा हात हलेना. बायकोने डब्यात डोकावून पाहिलं, माश्यांची बाटली उघडली आणि एक माशी मादीपुढे सोडली. मादीने माशीवर झडप घातली.

"चंद्रोदय झाला असेल," बायको म्हणाली.

खिडकीबाहेर अजून ऊन होतं.