प्रतापनगरचं दार

कमलाताईंच्या पायाला भिंगरी लागली होती. तरसालीच्या फ्लॅटमध्ये सकाळचं दूध तापलं की त्या निघाल्याच. "अगं, आज तरी बैस," आनंदराव पेपरआडून म्हणत. बसेल ती कमलाताई कसली! शटल रिक्षात अर्धी जागा मिळाली तरी चालेल, पण प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्सची फेरी चुकायची नाही.

तिथं त्यांचं जुनं घर होतं. त्या घरात राहत असताना, बारा वर्षांपूर्वी, त्यांचा आठ वर्षांचा विहंग डभोईच्या बसस्टँडवरच्या गर्दीत हरवला. पोलिसांनी शोधलं, पण जीव तोडून शोधलं ते क्वार्टर्समधल्या लोकांनी. त्यांचे यजमान आनंदराव रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्या सोबत्यांनी विहंगचा फोटो पार हावड्यापर्यंत नेला. शेजारणींनी कित्येक महिने त्यांच्या घरी पोळ्या लाटल्या, आणि 'देवाची मर्जी' म्हणायला आलेल्या पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावलं.

पण रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. नियमाला कुठं पोर असतं? विहंगला तोंडपाठ होता तो हाच पत्ता. तो आला, त्यानं दार वाजवलं आणि आतून परक्या आवाजात 'कोण?' आलं, तर? भारी लाजाळू पोर. आल्या पावली मागं फिरेल.

नव्यानं राहायला आलेल्या नयनाबेनना कमलाताईंनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. नयनाबेन कणीक मळता मळता "हा, हा" म्हणाल्या. एवढ्यावर कमलाताईंचा काय विश्वास बसणार! तेव्हापासून त्या रोज समोरच्या ओट्यावर बसून दारावर पहारा देत. कुरियरवाला पोरगा आला तरी त्या ओट्यावरून अर्ध्या उठत. नयनाबेन चहा आणून देत, तोही एक डोळा दारावर ठेवूनच पोटात जाई.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, नयनाबेन दोन दिवस माहेरी गेल्या. परत आल्या तेव्हा कमलाताई ओट्यावर टपलेल्याच होत्या.

"कुलूप लावून गेलात? आणि तो आला असता म्हणजे?"

नयनाबेन खाली मान घालून आत गेल्या. घरी गेल्यावर कमलाताईंना स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्याच्या घराला कुलूप लावायला बंदी करणाऱ्या आपण कोण? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दूधही न तापवता, तिळगुळाचा डबा घेऊन त्या निघाल्या. या खेपेला ओट्यावर बसल्या नाहीत. सरळ जाऊन दार वाजवलं.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. धावती पावलं जवळ आली.

"विहंग छे? आव दीकरा, आव! ऊभो रहेजे, जतो नहीं!"

दार उघडलं. नयनाबेनचे हात पिठानं भरलेले, ऊर धपापत होता. समोर कमलाताईंना पाहून त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"दर वखते आम ज बोलुं छुं, कमलाबेन," त्या ओशाळून म्हणाल्या. दार वाजलं की दर वेळी त्या असंच बोलत होत्या. "आपणे 'कोण' पूछीए ने ए शरमाई जाय तो?" आज तोच आला असं वाटून त्यांचे डोळे भरून आले होते. "मने थयुं, आजे तो ए ज हशे."

कमलाताईंनी डबा खाली ठेवला आणि त्यांचे पिठाचे हात आपल्या हातांत घेतले. बारा वर्षं क्वार्टर्समधली माणसं जे त्यांना सांगत आली होती, ते आज त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुणासाठी निघालं.

"येईल गं, नयना. येईल तो."