पाव्हण्यांसाठी साठवलेलं पाणी

मला राग आला की मी बस पकडते. लग्नाआधी उदगीरहून मावशीकडं कंधारला जायची, लग्नानंतर नांदेडहून उदगीरला. पण त्या साली मी माहेरी चालले होते ती माहेरावरच रागावून, आणि त्या रागाला कारण होता समुद्र. उदगीरात समुद्र कुणी बघितला असेल तर तो शाळेच्या नकाशावर.

झालं असं की माझा धाकटा भाऊ उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ताडपत्र्या शिवायचा. दुष्काळात मोंढ्यात मालच येईना, मग ताडपत्री टाकायची कशावर? ओळखीच्या एकानं त्याला गोव्याला नेलं, मांडव-तंबू शिवायच्या कामावर. तिथल्या बंदरात शिडाच्या बोटींची शर्यत येऊन थांबली. अख्ख्या पृथ्वीला वळसा घालायची शर्यत, आणि बोटीवरची माणसं म्हणाल तर साधी. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी बेकरीवाला. हौसेखातर घरदार सोडून, चार आठवडे शिकून थेट समुद्रात उतरलेली. वाऱ्यानं त्यांची शिडं फाटली होती. ती शिवायला माणूस कमी पडला तेव्हा आमच्या भावाला बोलावलं. ट्रकवरची ताडपत्री शिवणाऱ्याला शिडाचं काय अवघड? त्याची दुहेरी शिवण बघून मंडळी खूश झाली. आमचा भाऊ पहिल्यापासून दिलदार, दुसऱ्याच्या जिवावर. तो म्हणाला, "घरी चला." आणि त्यातली दोघं खरंच निघाली.

निघाली ती कुठं, तर उदगीरला, ऐन दुष्काळात. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच्या महिनाभर आधीची ही गोष्ट. नळ कधी येईल ते नळालाच माहीत, आणि टँकर आला की गल्लीत भांड्यांची रांग लागायची.

आईचा फोन आला. "पाव्हणे यायलेत. गोरे हायत. तुला इंग्रजी येतंय, तू ये."

मी शाळेत इंग्रजी शिकवते, खरं आहे. पण याच आईनं मला दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं होतं, "औंदा येऊ नको बाई, पाणी न्हाई." नाताळच्या सुट्टीतही तेच. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझी एकही सुट्टी माहेराशिवाय गेली नव्हती. लेकीला पाणी नाही आणि कोण कुठल्या गोऱ्यांना आहे! मी मनात ठरवूनच गेले. तीन दिवस दुभाषीपणा करायचा, पाव्हणे गेले की त्याच संध्याकाळच्या बसनं नांदेड. माहेरपण वगैरे काही नको.

घरात पाय ठेवला आणि न्हाणीत डोकावले. हंडे, घागरी, कळशा, दोन ड्रम, इतकंच काय, पिठाचा रिकामा डबासुद्धा पाण्यानं भरलेला. भावानं फोनवर सांगून ठेवलं होतं की हे लोक बंदरात उतरले की तासतासभर शॉवरखाली उभे राहतात. आईनं धसका घेतला आणि सगळ्या गल्लीत फिरून दारोदार एकेक घागर उसनी मागून आणली.

"आणि लोकांनी दिलं?" मी विचारलं.

"का देणार न्हाईत? चाचांनी सांगितलं ना समद्यांना."

समोरचे चाचा म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. उदगीर जिल्हा होणार ही बातमी ते दर सव्वीस जानेवारीला आणि एक मेला द्यायचे. लातूर नाही का उस्मानाबादेतून निघून जिल्हा झालं, तसं आता उदगीर लातुरातून निघणार, हा त्यांचा हिशेब. आता गोरे येणार म्हटल्यावर त्यांनी गल्लीला सांगून टाकलं, नव्या जिल्ह्याची पाहणी करायला साहेब लोक यायलेत. स्वतः दोन घागरी घेऊन आले आणि आईला, त्यांच्या मानलेल्या थोरल्या बहिणीला, म्हणाले, "बाजी, साहेबांना बोला, पैला टँकर आपल्या गल्लीत."

मी म्हटलं, "चाचा, साहेब नाहीत ते. बोट चालवतात."

"बोट?" चाचांचे डोळे चमकले. "मंग धरन बी पक्कं!"

संध्याकाळी पाव्हणे आले. एक बाई, पंचावन्नच्या आसपासची, तिकडं शाळेची बस चालवणारी. दुसरे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. दोघंही उन्हानं भाजलेल्या वांग्यासारखी. भावानं त्यांना "जय भीम" शिकवून ठेवलं होतं. ते त्यांनी आईला म्हटलं, गल्लीतल्या झाडून सगळ्यांना म्हटलं आणि चाचांनाही म्हटलं. चाचांनी जय भीम आणि सलाम दोन्ही केले, जिल्ह्याच्या कामात कसर नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी आईनं पहाटेच चूल पेटवली आणि दोन हंडे पाणी कढत केलं. बाई न्हाणीत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. पोस्टवाले त्याहून लवकर. आई आत जाऊन बघते तर हंडे काठोकाठ. तांब्या तेवढा ओला.

ती स्वयंपाकघरात आली. चेहरा उतरला होता. हळू आवाजात म्हणाली, "पाण्याला शिवले न्हाईत गं."

हे वाक्य मला माहीत होतं. आईच्या लहानपणी तिच्या दारात येऊन, ओट्यावर बसून, कामाचं बोलून, घोटभर पाण्याला हात न लावता जाणारी माणसं होती. तिच्या बापानं धम्म घेतला, पोरं शिकली, मी मास्तरीण झाले, तरी ते वाक्य तिच्या आत कुठंतरी बसून होतं. माझा राग बाजूला पडला आणि दुसराच राग आला. मी तडक बाईसमोर जाऊन उभी राहिले. माझं इंग्रजी रागात फार चांगलं होतं.

बाई गडबडली. म्हणाली, बोटीवर आम्ही समुद्राच्या पाण्यानं अंग धुतो आणि शेवटी मगभर गोडं पाणी घेतो. सगळ्यांना सारखंच, कप्तानालाही. खाऱ्याचं गोडं करायचं यंत्र मधे एकदा बंद पडलं तेव्हा तेवढंही नव्हतं. बंदरात नळ दिसला की आम्ही वेड्यासारखे वागतो, ते खरं. पण काल तुमच्या गल्लीतली भांड्यांची रांग बघितली आणि वाटलं, इथं बोटीचाच नियम पाळावा. फक्त समुद्र नव्हता, म्हणून मगावर भागवलं.

मी हे आईला सांगितलं. तिचा पुरता विश्वास बसला नाही. बाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, उठली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि उभ्या उभ्या संपवलं. मग रिकामा तांब्या आईपुढं धरला. आईनं तो भरून दिला आणि म्हणाली, "पी माय, पी. पोट भरून पी."

तिथून पुढं दोघींचं माझ्यावाचून जमलं. आईनं तिला भाकरी थापायला बसवलं. भाकरीचा नकाशा झाला, पण टिच्चून खाल्ला तिनं. माझं तोंड मात्र वाकडंच. दुपारी बाईनं विचारलंच, "तू कुणावर रागावलीयेस?"

"कुणावर नाही," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बोटीवर रुसायला जागा नसते. तोंड फिरवावं तर तिकडं दुसरा कुणी आधीच रुसून बसलेला असतो. शेवटी बोलावंच लागतं."

मी बोलले नाही. आमचं घर बोटीपेक्षा मोठं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ त्यांना घेऊन निघाला. गल्ली निरोपाला जमली. चाचांनी पोस्टवाल्यांचा हात दोन्ही हातांत धरून, "जिल्हा, जिल्हा," असं दोनदा बजावलं. ते हसून "जय भीम" म्हणाले. चाचांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

पाव्हणे गेले आणि आई उसनं पाणी परत करायला निघाली. एक घागर डोक्यावर, एक कडेवर. जशी गेली तशी भरल्या घागरींनी परत आली. कुणी घेईना. चाचा तर म्हणाले, "दिलं ते दिलं, बाजी. वापस घेतलं तर जिल्हा अडकंल."

मी पिशवी भरत होते. बसला अजून वेळ होता. चूल पेटल्याचा वास आला आणि मग आईची हाक.

"केस सोड. न्हाणीत बस."

"राहू दे," मी म्हटलं. "औंदा पाणी न्हाई ना तुझ्याकडं." टोमणा मारायचा तर तिच्याच शब्दांत मारावा, नीट लागतो.

माझ्या दंडाला धरून तिनं मला न्हाणीत, प्लास्टिकच्या टबात बसवलं. ते पाणी पुढं संडासाला कामी येणार होतं, कारण दुष्काळ काही संपला नव्हता. डोक्यावर तेल थापलं, मग शिकेकाई. चाळिशीला आलेली मी त्या टबात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पहिला तांब्या डोक्यावर आला, मग दुसरा, मग मी मोजायचं सोडलं. एक हंडा संपला, तिनं दुसरा ओढला.

"आई, पुरे."

"गप."

"अगं, जपून ठेव ना."

तिचा हात थांबला. "पाव्हण्याला तांब्याभर दिलं तरी म्हनता येतंय, बाबा दुष्काळ हाय, एवढ्यात भागव. लेकीला कसं म्हनू? तू माहेरी यायचं आन् मी तुला मोजून पाणी द्यायचं, माझ्यानं व्हायचं न्हाई. म्हनून म्हनले येऊ नको."

एवढं बोलून तिनं तो हंडाच उचलला आणि माझ्या डोक्यावर उपडा केला.

संध्याकाळी नांदेडची बस सुटली तेव्हा मी दारात बाजेवर केस वाळवत बसले होते, आणि चाचा समोरून विचारत होते, "काय मॅडम, पाहणीचा रिपोर्ट कवा येणार?"