ताटावरचा हात

आपल्या ताटावर हात आडवा धरून वाढणाऱ्याला थांबवणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. ही बाई नवऱ्याच्या ताटावर हात धरायची. बोटं जुळवलेली, तळहात पालथा. वाढणारी म्हणायची, एकदाच गो, त्यानं काय होतंय. त्यावर हिचं उत्तर ठरलेलं असे.

"तुमचं एकेकाचं एकदाच. ह्यांचं पोट एकच हाय."

हे म्हणताना ती हसत नसे. थोडी हसली असती तर पुढच्या कितीतरी गोष्टी सोप्या झाल्या असत्या, असं मला अजून वाटतं. पण तो तिचा स्वभाव नव्हता.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत काजूच्या कंपनीत ती आणि मी शेजारी शेजारी बसायचो. समोर काजूगरांचा ढीग. अख्खा गर एकीकडे, पाकळी एकीकडे, तुकडा एकीकडे. हात चालू असतात आणि तोंड मोकळं असतं, त्यामुळे तिथल्या बायकांना एकमेकींच्या घरातलं सगळं माहीत. तिला मागून सगळ्या ‘पथ्यवाली’ म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

तिचा नवरा मिरकरवाडा बंदरावर बर्फाची गाडी चालवायचा. तिच्या अगदी उलट माणूस. जिथे जाईल तिथे त्याला कोणीतरी ‘ये, बस, जेव’ म्हणायचं आणि तो बसायचा. खलाशांबरोबर होडीवरचं तिखटजाळ कालवण, लग्नघरातले वडे, कोणाच्या बारशाचे पेढे, त्याने कशालाच कधी नाही म्हटलं नाही. चाळिशी उलटल्यावर एका सकाळी बर्फाच्या लाद्या उतरवून देताना छातीत कळ आली आणि तो गाडीच्या फाळक्याला टेकून खाली बसला. बंदरावरच्या लोकांनीच त्याला दवाखान्यात नेलं. स्टेंट घालावा लागला. शुगर निघाली, बीपीही निघालं. सोडताना डॉक्टरांनी तिला आत बोलावलं आणि सगळं समजावून दिलं. मीठ कमी, तळलेलं बंद, सुकी मासळी बंद, गोड बंद, रोजचं चालणं. हे त्याला सांगितलं नाही, तिला सांगितलं. ती ते अभिमानाने सांगायची.

"माझ्या हवाली केला डॉक्टरांनी माणूस."

घरात तिघंच. नवरा, ती आणि सासू. मूलबाळ नव्हतं. तिने सगळ्यांचाच स्वयंपाक कमी मिठाचा सुरू केला, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं म्हणून. सासूबाईंनी दोन दिवस खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी पान पुढे सरकवलं. मुलाच्या घरात आपण आळणी खाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग ती दोन टोपांत कालवण करू लागली. तर सासूबाई आपल्या ताटातला तुकडा मुलाच्या ताटात टाकायच्या. आईने दिलेलं तो कसं परत करणार? तिने दोघांच्या जेवायच्या वेळा वेगळ्या केल्या. त्यावर सासूबाई पिशवी भरून देवरूखकडच्या आपल्या गावी निघून गेल्या. सुनेने मुलाला ताटाला पारखं केलं, हे त्यांनी वाटेत एसटीत आणि पुढे वाडीत घरोघर सांगितलं.

इकडे नवऱ्याच्या खोड्या चालूच. तो गाडीच्या सीटखाली सुकटीची पुडी ठेवायचा. घरी आला की ती पहिल्यांदा त्याची बोटं हुंगायची. मग तो साबणाने हात धुऊन यायला लागला. ती आम्हाला म्हणाली, बर्फवाल्याच्या हाताला साबणाचा वास आला तेव्हाच मी ओळखलं. आम्ही खूप हसलो होतो त्या दिवशी, आणि तीही थोडी हसली होती.

कंपनी सुटली की ती थेट घरी जायची आणि त्याला घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला निघायची. मी दोनतीनदा त्यांच्याबरोबर गेले आहे. चालणं कसलं, वरातच ती. त्याला दर दहा पावलांवर कोणीतरी ओळखीचं भेटायचं. तो थांबायचा, गप्पा मारायचा. ही पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून वाट बघत उभी राहायची. तो लोकांना म्हणायचा, "निघतो रे बाबा, आमची हवालदारीण थांबलीय." लोक हसायचे. त्याच्याबद्दल त्यांना माया वाटायची आणि हिचा राग यायचा.

पण गुण आला. पोट उतरलं. त्याच्या पँटी तिने स्वतः आत घेतल्या. डॉक्टर तपासून म्हणाले, असंच चालू ठेवा. पुढे पुढे तर तोच संध्याकाळी चपला घालून दारात तयार असायचा. एकदा काजू निवडताना, मान वर न करता, ती मला म्हणाली की काल भाट्याच्या पुळणीत चालताना टाच दुखायला लागली तर ह्यांनी माझ्या चपला हातात घेतल्या, पार रस्त्यापर्यंत. एवढं सांगून ती पाकळ्या वेगळ्या करत राहिली. तिचे कान लाल झालेले मी पाहिले. नवऱ्याबद्दल याहून जास्त काही ती कधीच बोलली नाही.

मग गौरी-गणपती आले. त्यांच्या गावच्या घरी गौरीला मटण-वड्यांचा सण असतो. मुंबईहून थोरला दीर आला होता. भरल्या पंगतीत तो शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला स्वतःच्या हाताने वाढायला गेला आणि हिने ताटावर हात धरला. वर ते ठरलेलं वाक्यही बोलली. दीर पळी तिथेच टाकून उठला. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. सणाच्या दिवशी थोरला भाऊ उपाशी उठला, तो हिच्यामुळे. शेवटी नवऱ्यानेच भावाला हाताला धरून परत बसवलं आणि त्याची समजूत पटावी म्हणून दोन वडे आणि रस्सा खाल्ला. सगळ्यांची तोंडं पुन्हा उजळली. ती मागच्या पडवीत जाऊन भांडी घासत बसली.

पुढच्या वर्षी सासूबाईंचा मुलाला फोन आला. तू एकटाच ये, तिला आणू नकोस, सणाचा विचका करते. कंपनीत तेव्हा मोठी ऑर्डर होती, सुट्टी मिळणंही कठीण होतं. तो म्हणाला, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, मी सांभाळून राहतो. तिने गोळ्या बांधून दिल्या, भाजलेल्या नाचणीचं पीठ दिलं, रोज चालायचं असं बजावलं. तो गेला. तिने रोज फोन करावा आणि त्याने सगळं व्यवस्थित चाललंय म्हणावं, असे दोन दिवस गेले. पाठीमागे पंगतीचा आवाज ऐकू येत होता, असं ती नंतर म्हणाली.

गौरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या छातीत दुखू लागलं. घरच्यांना वाटलं पित्त असेल. ओवा दिला, सोडा दिला. मग देवरूखला नेलं, तिथून रत्नागिरीला न्यायला सांगितलं. गाडी रत्नागिरीला पोचायच्या आधीच सगळं आटोपलं होतं. आम्ही टेबलाशी बसलेलो असताना तिचा फोन वाजला. तिने ऐकलं, फोन बंद केला, ओंजळीतले गर ज्याच्या त्याच्या ढिगात टाकले आणि उठली.

तो त्या जेवणामुळेच गेला, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. हृदय आधीच अधू झालेलं होतं. पण गावात लोक काय बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. म्हणाले, हिने दोन वर्षं नीट खाऊ दिलं नाही, अंगात ताकदच उरली नव्हती पोराच्या. आणि म्हणाले, निदान शेवटचे दोन दिवस तरी पोटभर जेवून गेला. हे तिच्यासमोर बोलले. ती भिंतीला टेकून बसली होती आणि ऐकत होती.

तेराव्याला आम्ही तिघी कंपनीतून गेलो होतो. जेवण सगळं बाहेरून सांगितलेलं होतं. फक्त त्याच्या आवडीची काळ्या वाटाण्याची आमटी तिने करावी, असं सासूबाईंनी सांगितलं. तिने टोपभर केली. वास छान सुटला होता. पंगत बसली, लोकांनी आमटीत भात कालवला आणि एकमेकांकडे बघू लागले. मीठ जवळजवळ नव्हतंच. तिने मुद्दाम केलं नव्हतं हे मी शपथेवर सांगते. इतक्या दिवसांत तिचा हातच तसा बसला होता. दीर पंगतीत समोरच बसला होता. तो आवाज न चढवता म्हणाला,

"वहिनी, मेल्यावर तरी त्याला मीठ द्या."

ती आत गेली, मिठाची बरणी घेऊन आली आणि वाकून वाकून एकेकाच्या पानात मीठ वाढत गेली. दिराच्या पानातही वाढलं.

कामावर परत आली तेव्हा ती पूर्वीसारखीच बसायची, पण बोलायची नाही. आम्ही डबे उघडून एकमेकींना वाढायचो, ती कोणाला काही म्हणायची नाही. कंपनीत एकीला शुगर होती आणि ती हिच्या नाकासमोर लाडू खायची. ही बघायची आणि आपला घास खायची.

वर्ष उलटलं नाही तोच सासूबाईंना त्रास सुरू झाला. पायाला सूज, चक्कर. शुगर आणि बीपी दोन्ही वाढलेलं निघालं. मुंबईच्या घरी जागा नाही, आणि थोरल्या सुनेला हे जमणार नाही. मग त्याच दिराचा हिला फोन आला. पथ्याचं तुम्हाला सगळं माहीत आहे, आईला तुम्हीच सांभाळू शकता, असं म्हणाला. आम्हाला वाटलं, ही फोन आपटेल. तिने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि गावी निघून गेली. आम्ही सगळ्याजणींनी तिला मनातून हात जोडले.

पुढच्या उन्हाळ्यात देवरूखला नात्यातल्या लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून तिच्याकडे गेले. त्यानंतर आमची भेट नाही. सासूबाई पडवीत खुर्चीवर जेवत होत्या. पाय ओंडक्यासारखे सुजलेले. ताटात तळलेला बांगडा, लोणचं, दोन पापड आणि वाटीत शिरा. मला बघून त्यांना आनंद झाला. म्हणाल्या, पूर्वी हट्टी होती, आता सून सुधारली माझी, मागंन ते हातावर देते.

मी स्वयंपाकघरात तिच्या मागे गेले. डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. तिने सगळं सांगितलं, एकही गोष्ट न चुकता. मीठ, गोड, तळण, चालणं. मुंबईलाही फोन करून सांगितलं म्हणाली.

"मग हे काय गो?" मी विचारलं.

तिने कढईतला उरलेला शिरा वाटीत काढला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाय म्हणायला माणूस आपला लागतो."

हा सूड होता की नुसता थकवा, मी तेव्हा ठरवू शकले नाही आणि आजही ठरवू शकत नाही. बाहेरून सासूबाईंनी चहा मागितला. तिने चहा ठेवला, साखर घातली, चव बघितली आणि आणखी एक चमचा घातला. कप नेऊन त्यांच्या हातात दिला. सासूबाईंनी एक घोट घेतला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "असं जीव लावणारं माणूस घरात पायजे."

ती कप रिकामा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.