टिंबाटिंबानं इगतपुरी

इंदिरानगरहून द्वारका चौकापर्यंत एक कॉलेजची मुलगी रोज सिटी बसमध्ये माझ्या शेजारी असायची. मांडीवरच्या वहीत जावा या संगणकभाषेतले प्रोग्राम. प्रत्येक टिंबावर पेन टेकवत पुटपुटायची, "कॉलेज, टिंब, विभाग, टिंब, शिक्षक, टिंब, फोन."

एकदा विचारलं, "हे कसलं स्तोत्र गं?"

"आजी, एका वस्तूच्या पोटात दुसरी असते. टिंबाटिंबानं आत जायचं. पण मधली जागा रिकामी निघाली, तर प्रोग्राम तिथंच बंद पडतो."

"मग?"

"जे सारखं लागतं, त्याचा थेट पत्ता आपल्याजवळ ठेवायचा."

इगतपुरीच्या धाकट्या भावाकडे जाणारी माझी वाट कायम आईतून गेली. राखी आईच्या हाती, रुसवाही तिच्याच हाती. आई गेल्यावर मी, मोठी मानी बाई, त्याच्या फोनची वाट बघत बारा वर्षं बसले. त्याचं "ताई, चहा टाक" ऐकायला कान आसुसले, पण शहाणीचं बोट काही हललं नाही.

त्या दिवशी ती मुलगी द्वारकेला उतरली. मी फोन लावला.

"कोण?"

"मी, ताई. मधे कोणी नाही आता."

"ताई," तो म्हणाला, "चहा टाक."